चेहरा भरू नये

१

संग्रहालयात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. ती ना कुणाची नाडी बघायची, ना कुणाला गोळ्या द्यायची. जुनी, आजारी चित्रं बरी करणं हे तिचं काम. पण अंगात पांढरा कोट, टेबलावर चिमटे, कात्र्या, कापूस आणि बाटल्या, आणि डोळ्यांवर ते भलंमोठं भिंग. नाव पडायला आणखी काय लागतं?

तिची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. मोठी खिडकी, दिवसभर सारखा, शांत उजेड. शेजारी सुताराची खोली. तिथे चौकटी तयार व्हायच्या आणि भिंतीपलीकडून रंध्याचा, खरकागदाचा आवाज येत राहायचा. खर्र, खर्र. त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती, की तो थांबला की ती मान वर करून बघायची.

आणि पहिलं काम थुंकीचं. हसू नका. जुन्या चित्रावरची धूळ, धुराचा थर, माणसांच्या श्वासांचा चिकटा काढायला माणसाच्या लाळेइतकं बेताचं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा आणि चित्रावर अलगद लोळवायचा. मळला की टाकायचा, नवा घ्यायचा. चित्राला लागलेला कापूस पुन्हा तोंडात जाता कामा नये, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

"ई! म्हणजे तू दिवसभर थुंकतेस आणि तुला पगार देतात?" तिच्या लेकीने एकदा विचारलं होतं.

"बोट ओलं करून तुझ्या गालावरचं दूध पुसते ना, तसंच ते," ती म्हणाली होती.

त्या वर्षी मॅडमनी एक गोष्ट मनावर घेतली. मॅडम म्हणजे चित्रविभागाच्या प्रमुख. निवृत्तीला टेकलेल्या, आवाज खणखणीत, आणि एकदा डोक्यात काही शिरलं की ते तडीस नेल्याशिवाय चैन न पडणाऱ्या. तळघरात वर्षानुवर्षं पडून असलेली बायकांची चित्रं वर आणायची आणि त्यांचं स्वतंत्र दालन मांडायचं, असं त्यांनी ठरवलं. निघाली तरी किती! पाठीमागे चिठ्ठ्या चिकटवलेल्या: अमक्यांची पत्नी, तमक्यांची कन्या, एक हौशी स्त्री. बहुतेक चित्रं आकाराने लहान, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर, पोर झोपलं तेवढ्या वेळात काढलेली. दुधाचं भांडं. अर्धवट विणलेला मोजा. दुखणाईत माणसाची रिकामी उशी.

"पुरुषांनी लढाया काढल्या, डोंगर काढले," मॅडम म्हणायच्या, "आणि ह्यांनी जे कडेवर होतं ते काढलं."

डॉक्टरीणबाई एकेक चित्र पुसायची आणि तिला वाटायचं, या सगळ्या जणी आपल्या ओळखीच्याच आहेत.

२

त्यातलं एकच चित्र मोठं होतं. पाटीवर लिहिलेलं, 'खिडकीपाशी मायलेक'. राखाडी फ्रॉक घातलेली सहा-सात वर्षांची मुलगी हात जुळवून, एकाच गालाची बाजू दिसेल अशी वळून उभी होती, डावीकडून उजेड येत होता. तिच्यामागे काळोखात एक बाई, तोंड खिडकीकडे वळवलेलं, फक्त कान आणि केसांची कड दिसणारी. बाईचा हात मुलीच्या खांद्यावर टेकलेला. आणि मुलीला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी नुसतं पिवळं पडलेलं कापड होतं.

रंग आपसूक सुटला की कडा खवल्यांसारख्या निघतात. इथे कडा स्वच्छ होत्या. कुणीतरी पातं आडवं धरून, जिवापाड जपून खरवडलं होतं. कुणा माथेफिरूचं काम असेल, असं तिने मनाशी म्हटलं. आणखी एक गोष्ट तिला दिसली. फ्रॉकवर, भिंतीवर, मुलीच्या केसांवर ब्रशचे फटकारे ओळखू येत होते, पण मागच्या बाईवर भिंगातूनही एक फटकारा दिसेना. काय हात होता चित्रकर्तीचा, म्हणून ती मनोमन खूश झाली.

आता तिच्या धंद्यात दोन नियम आहेत. गेलेल्या जागी काय होतं ते ठाऊक नसेल, तर तिथे काही काढायचं नाही. शांत, सपाट रंग द्यायचा आणि बाजूला व्हायचं. आणि आपण जे काही घालू ते उद्या पुसून टाकता आलं पाहिजे.

"सपाट रंग?" मॅडम उसळल्या. "निमंत्रणपत्रिकेवर हेच चित्र जाणार आहे. लोक म्हणतील, बायकांचं दालन आणि पहिल्याच मुलीला तोंड नाही! चेहरा भर."

"पण मॅडम, मूळ चेहरा कसा होता कुणाला माहीत?"

"मुलीचा चेहरा मुलीसारखा असतो. तुझ्या घरी आहे की एक."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण खरं सांगायचं तर तिच्या हातांना खाज सुटलीच होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांतले ठिपके बुजवणाऱ्या हाताला एक अख्खा चेहरा मिळत होता. मोह कुणाला चुकलाय?

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी तिने लेकीला आणून खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. लेकीचं खरं नाव शाळेपुरतं. घरीदारी ती भिंगरी. ही पोर चालायची नाही, गिरक्या घ्यायची. जेवतानाही एक पाय नाचत असायचा. पुढचा एक दात हलायला लागला होता आणि दिवसभर जिभेने तो ढकलत बसणं हा तिचा नवा उद्योग होता.

"हलू नकोस."

"मी नाही हलत. दात हलतोय."

"हलू नकोस गं राणी. थोडंच राहिलंय."

थोडंच म्हणता म्हणता सबंध दिवस गेला. उजेड उतरायच्या आत चेहरा झाला. आणि काय झाला! ओठ मिटलेले, गाल किंचित फुगलेला, आतून जीभ दाताशी चाळा करतेय हेसुद्धा कळावं. डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे सरकून बघत राहिली. स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटावं असे दिवस तिच्या वाट्याला फार आले नव्हते.

भिंगरी मात्र चित्रातल्या बाईच्या हाताकडे बघत उभी राहिली.

"आवडलं नाही?"

"तिने किती घट्ट धरलंय," भिंगरी म्हणाली.

"कुठे गं? नुसता हात टेकलाय."

आपला डावा खांदा चोळत भिंगरी दाराकडे गेली. दाराकडे चालत गेली, हे तिच्या आईच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

३

पुढच्या कामाच्या दिवशी तिने चित्रावरचं कापड काढलं आणि तिला पहिल्यांदा वाटलं, काहीतरी खुपतंय. चेहरा ठीक होता. हात ठीक नव्हता. बोटं फ्रॉकात रुतली होती आणि त्यांच्याभोवती कापडाला चुण्या पडल्या होत्या.

काम सुरू करण्याआधी चित्राचा फोटो काढून ठेवायची पद्धत असते. तिने तो काढून बघितला. नेमका खांद्यावर दिव्याचा उजेड चकाकला होता. त्या पांढऱ्या डागाखाली चुण्या असतीलही, नसतीलही. मग तिने स्वतःची समजूत घातली. आपण इतके दिवस चेहऱ्याच्या भोकाकडे बघत होतो, हाताकडे नीट बघितलंच नसणार. लेकराने म्हटलं आणि आपल्या डोळ्यांना दिसायला लागलं. शिकलेल्या बाईने एवढ्या तेवढ्याने बावचळायचं म्हणजे कमालच.

घरी सासूबाई खुशीत होत्या. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात या तिघीच, आणि भिंगरीला सांभाळता सांभाळता सासूबाईंच्या नाकी नऊ यायचे.

"आज पोरगी काय गुणी झालीय म्हणून सांगू," त्या म्हणाल्या. "एक पेला फुटला नाही, एक खुर्ची पडली नाही. देव पावला म्हणायचा."

"कुठेय?"

"आतल्या खिडकीपाशी."

भिंगरी खिडकीपाशी उभी होती. हात जुळवलेले. डावीकडून मावळता उजेड गालावर येत होता. आईची चाहूल लागली तरी तिने मान वळवली नाही.

"काय बघतेस गं?"

"काही नाही."

"मग ये ना इकडे."

"येते. सोडलं की येते."

डॉक्टरीणबाईने पुढे होऊन लेकीला उचललं, पोटाशी धरलं. पोर जड लागली. केसांना जवसाच्या तेलाचा वास येत होता, रंगात घालतात त्या तेलाचा. पण तो वास तर आपल्याच हातांना असतो, तिला आठवलं. तिने हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले आणि लेकीचे केस हुंगले. वास होताच.

४

नंतर जे झालं ते इतकं बारीकसारीक, की कुणाला सांगायची सोय नाही.

दर रविवारी सासूबाई नातीची नखं कापायच्या. एका रविवारी कात्री घेऊन बसल्या आणि उठल्या. "कापू काय? वाढलीच नाहीत," त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारीही तेच. दूध प्यायल्याने नखं वाढतात की थांबतात, यावर त्यांनी शेजारणीशी वाद घातला.

भिंगरी आता गिरकी घेत नव्हती. शाळेतून यायची आणि खिडकीपाशी उभी राहायची. हाक मारली की यायची, विचारलं की बोलायची, पण सगळं जरा उशिराने, कुणाची तरी परवानगी काढून आल्यासारखं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती तपासली, डोळे बघितले आणि हसून म्हणाले, "शांत झाली म्हणून कुणी तक्रार घेऊन येतं का हो?"

आणि दात. एके सकाळी तोंड धुवून देताना आईने सहज त्या हलणाऱ्या दाताला बोट लावलं. दात हलेना. तिने जरा दाबलं. भिंतीत ठोकलेला खिळा असावा तसा तो घट्ट होता.

"हा हलत होता ना गं?"

"हलू नको म्हणालीस ना," भिंगरी म्हणाली.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई कामावर गेली ती थेट चित्रासमोर. मुलीचे ओठ मिटलेले होते, गाल किंचित फुगलेला. मागच्या बाईचा आतापर्यंत फक्त कान दिसत होता. आता गालाची एक बारीक कड दिसत होती.

तिने तो जुना फोटो ताडून बघितला नाही. बघायचा धीर झाला नाही, हे खरं.

५

पुसून टाकायचं. त्यासाठीच तर नियम होता. आपण घातलेला रंग, आपणच काढायचा. मॅडम चिडतील, निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात, त्यांचं ते बघून घेतील.

दुपारी तिने काडीला कापूस गुंडाळला, बाटलीतल्या औषधात बुडवला आणि मुलीच्या गालाच्या कडेला, जबड्यापाशी, नखाएवढ्या जागेवर लोळवायला घेतला. रंग सहज सुटत होता. कापसाला गुलाबी, मग तपकिरी छटा आली. पलीकडून सुताराचा आवाज येत होता, खर्र, खर्र. खालचं कापड दिसायला लागलं तसा तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

तेवढ्यात फोन वाजला. भिंगरीच्या वर्गशिक्षिकेचा.

"तुम्ही जरा लगेच येता का? रडायची थांबतच नाहीये. गाल भाजतोय म्हणते."

"काय लागलं? पडली का?"

"नाही हो. जागेवरच बसलेली होती. हल्ली ती जागेवरच असते ना."

ती धावत गेली. भिंगरीच्या जबड्यापाशी नखाएवढी जागा लालभडक झाली होती. तिने फुंकर घातली, गार पाणी लावलं. संध्याकाळपर्यंत लाली गेली, पण त्या जागी काहीच उरलं नाही. लव नाही, तीळ होता तो नाही, कातडीवरची बारीक रेघ नाही. धुऊन इस्त्री केलेल्या कापडासारखी गुळगुळीत जागा.

"आई, ते पुसू नकोस ना," रात्री अंथरुणात पडल्या पडल्या भिंगरी म्हणाली. आपण काय पुसलं ते आईने तिला सांगितलेलं नव्हतं.

पुसावं तर पोरीला भाजतंय. न पुसावं तर पोर दिवसेंदिवस हातची जातेय. ती लेकीच्या बाजूला पडून राहिली आणि तिचा श्वास चालू आहे ना, तेवढं बघत राहिली.

६

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम पाट्यांवरच्या चुका दुरुस्त करत होत्या.

"ते मायलेकींचं चित्र संग्रहालयाला दिलं कुणी?"

"त्या मुलीनेच," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

"कुठल्या मुलीने?"

"चित्रातल्या. म्हणजे तेव्हा म्हातारी झाली होती गं. मी इथे नवीन होते, चित्र ताब्यात घ्यायला मलाच बसवलं होतं. चित्रकर्तीची एकुलती एक लेक. आईने ह्या चित्रानंतर पुन्हा ब्रश हातात धरला नाही म्हणाली." मॅडमनी चहाचा कप जवळ ओढला. "बिचारीचं तोंड भाजलेलं असावं. एक बाजू अगदी..." त्यांना शब्द सापडेना. त्यांनी समोरच्या कोऱ्या कागदावरून तळवा फिरवला. "अशी. भुवई नाही, सुरकुती नाही. दुसऱ्या बाजूने ऐंशीची म्हातारी आणि ह्या बाजूने काहीच नाही. काय झालं ते मी कशाला विचारतेय?"

"काही म्हणाली ती?"

"म्हणाली, चेहरा भरू नये. तेवढं एकच मागणं. मला वाटलं, लाजत असेल." आपली एखादी लहानशी चूक कबूल करावी तसं मॅडम कसंनुसं हसल्या. "राहूनच गेलं बघ तुला सांगायचं. इतकी वर्षं झाली. शिवाय वयाने तिचं डोकं जरा फिरलेलं होतं. म्हणे, आईने वेळेवर खरवडलं म्हणून मी म्हातारी तरी झाले."

डॉक्टरीणबाईने टेबलाची कड धरली.

"आणखी?"

"आणखी काय, मी पाटी लिहायला घेतली, मायलेक म्हणून, तर माझ्यावर भडकली. आईने चित्रात मला एकटीलाच काढलं होतं, म्हणते. आता समोर दोघी दिसतायत, तर मी काय लिहायचं?" मॅडमनी चहाचा घोट घेतला. "तू अशी पांढरीफटक का पडलीस? बस बाई. दालनाच्या गडबडीत जेवतेयस की नाही?"

७

सोमवारी संग्रहालय बंद असायचं. त्या सोमवारी सकाळीच ती मागच्या दाराने आत गेली. येताना सुताराच्या खोलीला कुलूप होतं, ते तिने बघितलं. खोलीत उजेड भरपूर होता. तिने चित्र टेबलावर उभं केलं, पातं काढलं आणि हातात धरून बसून राहिली.

त्या चित्रकर्तीने हे केलं होतं. स्वतःच्या लेकीचा चेहरा, लेक ओरडत असताना, पात्याने. म्हणून कडा इतक्या स्वच्छ. माथेफिरू म्हटलं होतं आपण तिला! तिची लेक जगली, म्हातारी झाली. चित्रात दिसणारी बाजू गेली, पण उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याने का होईना, आपली आपण चालत इथवर आली.

खर्र.

तिने मान वर केली. सुतार आला वाटतं, तिला वाटलं. मग कुलूप आठवलं. आवाज पुन्हा आला, खर्र, खर्र, सावकाश आणि जपून, आणि तो भिंतीपलीकडून येत नव्हता. अलीकडून येत होता, तिच्या पाठीमागून, ती उजेडासाठी स्टूल ठेवायची तिथून. तिने वळून बघितलं नाही. काय सांगतोय तो आवाज, ते तिला कळत होतं. कर. उशीर करू नकोस. मी केलं, तूही कर.

तिने पातं मुलीच्या कपाळाला लावलं. भिंगरीच्या कपाळाला. तिथे तापात ओली पट्टी ठेवलेली, तिथे रोज रात्री ओठ टेकवलेले. पातं पुढे सरकेना. "नाही हो जमत मला," ती मोठ्याने म्हणाली आणि रडली. आवाज थांबला.

पातं खाली ठेवताना कपाटाच्या आरशात तिला आपला चेहरा दिसला. रडून गाल फुगलेला, ओठ मिटलेले. सासूबाई नेहमी कुरकुरायच्या, पोरीने आमच्या घराण्याचं काही घेतलंच नाही, हुबेहूब आईची नक्कल. खरंच होतं ते. दोघींत फरक तो किती? लहानपणी जिन्यावरून पडून आईच्या भुवईवर आडवी खोक पडली होती, ती लेकीला नव्हती. आईच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, लेकीची मोकळी. आईचा भांग उजवीकडून, शाळेत जायला लागली तेव्हापासूनचा.

पुसायचं काहीच नव्हतं. फक्त घालायचं होतं.

तिने ब्रश धुतला. जबड्यापाशी पुसलेली जागा आधी भरली. मग कान. मग भांग. आपण सात वर्षांच्या होतो तेव्हा कशा दिसायचो ते आठवत, आरशात बघत, ती हळूहळू लेकीला चित्रातून बाहेर काढत गेली आणि त्या जागी स्वतःला बसवत गेली. धंद्याचे दोन्ही नियम तिने त्या दिवशी धाब्यावर बसवले. ह्यावेळी चूक करतोय हे माहीत असून केली, एवढाच फरक. शेवटी भुवईवरची खोक, एकच बारीक फटकारा. तो ओढला आणि चित्राची चौकट कुठेतरी टकन वाजली.

फोन वाजला.

"अगं, दात पडला!" सासूबाई ओरडत होत्या. "आणि कार्टी नाचतेय बघ सगळ्या घरभर. माझा चष्मा फोडला, मेलीने! अगं, ऐकतेयस ना? रडतेस काय, दुधाचाच दात आहे."

"फोडू दे, आई," ती म्हणाली. "काय फोडायचं ते फोडू दे तिला."

ती खूप हसली आणि खूप रडली. फोन ठेवताना तिचा डावा खांदा जरा आखडल्यासारखा वाटला. फार वेळ बसल्याने असेल.

८

दालन उघडलं त्या दिवशी गर्दी लोटली. दुपारच्या उजेडात बायकांची ती लहान लहान चित्रं भिंतीभर लागली होती आणि लोक वाकून वाकून बघत होते. मॅडम नव्या कपड्यांत, डोळे भरून आलेले. भाषण लांबलं.

डॉक्टरीणबाई भाषण सुरू होण्याआधी दालनाच्या टोकाला खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती. हात जुळवलेले. भाषण संपलं, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवाव्यात म्हणून तिने हात उचलायला घेतले आणि ते उचलले गेले नाहीत.

घाबरायला झालं, पण ओरडता आलं नाही. खांद्यावर हात होता. बोटं पुढून, अंगठा मानेमागे, आणि त्या हाताला घाई मुळीच नव्हती. समोरच्या भिंतीवर ते मोठं चित्र होतं. राखाडी फ्रॉकातली, भुवईवर खोक असलेली मुलगी होती. मागे नुसता काळोख होता. चित्रात मुलगी एकटीच उभी होती. लोक पाटीवरचं 'मायलेक' वाचत होते, माना डोलवत होते आणि पुढे जात होते.

माणसांच्या पायांमधून गिरक्या घेत भिंगरी आली. तिच्यामागे सासूबाई, "अगं पडशील! कुणाला तरी पाडशील!" करत. भिंगरी आईसमोर थांबली, पण पाय नाचत होता. पडलेल्या दाताच्या खिडकीतून जीभ बाहेर डोकावत होती. एवढं बघायला मिळालं, झालं की मग, तिच्या आईला वाटलं. याच्यासाठीच तर केलं.

"आई, चल ना. तिकडे दुधाच्या भांड्याचं चित्र आहे, चल."

आई बोलली नाही. भिंगरीने तिच्याकडे निरखून बघितलं. मग तिच्या मागे, खांद्याच्या वर, कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघावं तसं बघितलं. तिचा नाचणारा पाय थांबला. क्षणभरच. मग तिच्या कपाळावर आठी पडली, अगदी तिच्या आईला पडते तशी.

"तुझ्या गालाला रंग लागलाय," ती म्हणाली. "थांब."

ती शेजारच्या बाकावर चढली. तिने बोट तोंडात घातलं, ओलं केलं आणि आईची हनुवटी दुसऱ्या हाताने घट्ट धरली.

"हलू नकोस हं."

आणि ती घासायला लागली. निखारा टेकवावा तसा गाल भाजला. भिंगरीने बोट डोळ्यांसमोर धरलं. बोटाला गुलाबी, मग तपकिरी छटा होती. तिने ते फ्रॉकला पुसलं, पुन्हा तोंडात घातलं आणि पुन्हा घासायला घेतलं, एक दात पडलेलं तोंड घट्ट मिटून, सगळा जोर लावून. आईच्या मानेमागचा अंगठा किंचित सैल झाला.

"खूप आहे गं," भिंगरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नव्हता. "दुखतंय का?"

आईला मान हलवता आली असती, तर तिने नाही म्हटलं असतं.